ऊन बाहेर, उजेड आत

मला कुठलीही नवी इमारत दिसली की आधी तिचे पडदे बघायची सवय लागलीये. किती मजले, काच कुठली, एंट्रन्स कसा, हे सगळं नंतर. भर दुपारी खाली रस्त्यावर उभं राहून वर बघायचं की किती खिडक्यांचे ब्लाइंड्स ओढलेले आहेत. काचेच्या ऑफिस बिल्डिंगमध्ये बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त ओढलेले असतात आणि फटींतून आतले लाईट चालू दिसतात. म्हणजे बघा ना, उजेड यावा म्हणून फरशीपासून छतापर्यंत काच लावली, त्या काचेतून ऊन शिरलं म्हणून एसी वाढवला, ऊन डोळ्यावर आलं म्हणून पडदा ओढला आणि पडद्यामुळे अंधार झाला म्हणून लाईट लावले. एकाच खिडकीपायी दोनदा वीज जातेय आणि खिडकी कोणाच्याच कामाला आलेली नाही.

माझं काम याच भानगडीतलं आहे. आर्किटेक्टने काढलेल्या प्लॅनवर कुठल्या टेबलापर्यंत वर्षभर किती उजेड पोचेल याचा हिशोब करून द्यायचा, आणि संधी मिळाली की बांधून झालेल्या जागेत लक्स मीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, घेऊन फिरायचं. बरीच वर्षं हे केल्यावर माझं एक मत पक्कं झालंय, ते आधीच सांगून टाकते. दिवसाच्या उजेडावर इमारत चालवायची असेल तर उजेड किती आणायचा हा प्रश्न फार लवकर सुटतो, खरी मेहनत असते तो कुठून आणायचा आणि किती मऊ करून आणायचा यात. आणि मग तो आल्यावर लाईट खरंच बंद होतात का, हे बघण्यात. या दोन गोष्टी जमल्या नाहीत तर कितीही काच लावा, विजेचा मीटर तसाच पळत राहतो.

आधी थोडे आकडे सांगते, कारण ते ऐकून लोक दरवेळी चकित होतात. भर उन्हात उघड्या जमिनीवर साधारण १,००,००० लक्स उजेड असतो. ऊन नाही, आभाळ पूर्ण भरून आलंय, तरी १०,००० च्या आसपास मिळतात, कधी कमी कधी जास्त. आणि टेबलावर वाचायला-लिहायला किती लागतात? ३०० ते ५००. म्हणजे ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर जे आहे त्याचा विसावा-तिसावा हिस्सा टेबलावर आणता आला की झालं काम. याच हिश्श्याला डेलाईट फॅक्टर म्हणतात, ढगाळ आभाळाखाली बाहेर जितका उजेड असेल त्याच्या किती टक्के आत पोचतो ते. ठोकताळा असा आहे की खोलीचा सरासरी डेलाईट फॅक्टर २ टक्क्यांच्या खाली असेल तर लोक दिवसाही लाईट लावतात, आणि ५ टक्के किंवा वर असेल तर दिवसा सहसा स्विचला हात लावत नाहीत. दोन आणि पाच टक्के! बाहेर इतकं प्रचंड पडलेलं आहे, आपल्याला त्यातलं इतकुसं हवंय, आणि तेवढंही आपण नीट आत आणत नाही, हे मला खरंच मनाला लागतं.

बिघडतं कुठे ते मीटर घेऊन खिडकीपासून आत चालत गेलं की कळतं. मीटरच्या सेन्सरवर छोटासा पांढरा घुमट असतो, तो वर तोंड करून टेबलावर ठेवायचा, स्वतःची सावली त्यावर पडणार नाही असं बाजूला व्हायचं आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. एकाच भिंतीत खिडक्या असलेल्या साध्या खोलीत खिडकीलगतच्या टेबलावर दोन-अडीच हजार दिसतात, दोन मीटर आत आलं की सात-आठशे, चार मीटरवर अडीचशे, आणि सहा-सात मीटरवर पन्नास-साठ. इतका भराभर पडतो. आता पन्नास-साठ लक्स म्हणजे काही काळोख नव्हे, रात्री एखादा दिवा लावून आपण एवढ्याच उजेडात निवांत गप्पा मारत बसतो. पण मागे बसलेल्या माणसाच्या नजरेसमोर ती झगझगीत खिडकी पण असते ना, डोळा तिच्याशी जुळवून घेतो, बाहुली आकसते, आणि मग आपलं टेबल त्याला काळोखात आहे असं वाटायला लागतं. तो उठून लाईट लावतो. तिकडे खिडकीलगत बसलेल्याच्या स्क्रीनवर सकाळी ऊन आलेलं असतं, तो पडदा ओढतो, ऊन अर्ध्या-पाऊण तासात सरकून जातं आणि पडदा संध्याकाळपर्यंत तसाच राहतो. एकाला उजेड जास्त झाला, दुसऱ्याला कमी वाटला, आणि दोघांनी उत्तर एकच शोधलं. दोघांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांना जागाच तशी मिळालीये.

म्हणून खोली अंधारी वाटतेय अशी तक्रार आली की मी आधी मागची भिंत आणि छत बघते, खिडकी नंतर. खिडकी आणखी मोठी केली तर ती आणखी झगझगेल आणि मागची बाजू आणखी काळी वाटेल, हा धोका असतोच. त्यापेक्षा मागची भिंत उजळ केली, वरून एखादी फट दिली, दुसऱ्या बाजूने थोडा उजेड घेतला तर मीटरवर आकडा फारसा न वाढताही माणसं लाईट बंद करतात. डोळ्याला आकडा दिसत नाही, त्याला फरक दिसतो, एका जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंतचा.

खिडकीबद्दल एक अगदी साधा नियम आहे जो मला वाटतं प्रत्येक घर बांधणाऱ्याला माहीत असायला हवा. खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दीड ते अडीच पट अंतरापर्यंतच कामापुरता उजेड आत पोचतो. वरची कड २.४ मीटरवर असेल तर चार-पाच मीटर धरून चाला, फार तर सहा. म्हणजे खोल जाणारा उजेड खिडकीच्या वरच्या भागातून येतो. टेबलाच्या पातळीच्या खाली जी काच असते ती पायांना आणि फरशीला उजेड देते, टेबलाला जवळजवळ काहीच नाही, पण उष्णता मात्र वरच्या काचेइतकीच आत सोडते. मला पूर्ण भिंतभर काचेचं वावडं नाही, बाहेरचं दिसायला ती छान वाटते हे मान्य, पण ती उजेडासाठी लावली असं कोणी म्हणालं की मी त्यांना विचारते की गुडघ्याखालच्या काचेचा उपयोग काय ते सांगा. छताचं तर अजून वेगळं. पूर्ण ढगाळ आभाळ डोक्यावर क्षितिजापेक्षा जवळजवळ तिप्पट उजळ असतं, त्यामुळे छतातलं लहानसं भोकसुद्धा भिंतीतल्या मोठ्या खिडकीची बरोबरी करतं. रोममधलं पँथिऑन बघा, इसवी सन १२५ च्या सुमाराचं, ४३ मीटरहून मोठा घुमट आणि त्याच्या डोक्यावर साधारण ९ मीटरचं एक गोल उघडं भोक, दरवाजा सोडला तर दुसरीकडून उजेड येत नाही, आणि तेवढ्यावर ती सगळी अवाढव्य जागा दिवसभर दिसते.

हे सगळं जुन्या लोकांना पाठ होतं कारण त्यांना दुसरा पर्यायच नव्हता. विजेच्या आधीच्या आणि सुरुवातीच्या काळातल्या मोठ्या इमारतींचे प्लॅन काढून बघा, ई, यू, एच अशा आकाराचे, मध्ये उजेडासाठी चौक सोडलेले, छतं उंच, खिडक्या उभट. कारखान्यांची ती करवतीच्या दातांसारखी छपरं याचसाठी, दाताची उभी बाजू काचेची आणि युरोपात तिचं तोंड उत्तरेला, म्हणजे यंत्रावर दिवसभर एकसारखा उजेड आणि ऊन अजिबात नाही. न्यूयॉर्कमध्ये १९१५ साली इक्विटेबल बिल्डिंग उभी राहिली, फुटपाथच्या कडेपासून थेट सरळ वर गेलेली, आणि तिच्या सावलीत आजूबाजूचे रस्ते आणि इमारती गेल्या तशी ओरड झाली, आणि पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, शहराने नियम केला की वर जाताना इमारतीने मागे मागे सरकायचं, खाली उजेड-वारा पोचू द्यायचा. त्या काळातल्या न्यूयॉर्कच्या उंच इमारती पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात त्याचं कारण हे आहे. इंग्लंडमध्ये तर एखाद्या खिडकीला सलग २० वर्षं उजेड मिळत आला असेल तर शेजाऱ्याला तो अडवता येत नाही, हा हक्क १८३२ च्या कायद्यात लिहिलेला आहे. मला हे फार आवडतं, उजेड ही गोष्ट इतकी मोलाची मानली की त्यावर कोर्टात भांडता येतं.

मग १९३८ मध्ये ट्यूबलाईट बाजारात आली. बल्बपेक्षा कितीतरी कमी विजेत आणि कमी उष्णतेत उजेड द्यायला लागली, पाठोपाठ एसी स्वस्त होत गेला, आणि डिझाईन करणाऱ्यांना वाटलं सुटलो एकदाचे. आता खिडकीपासून पाच मीटरच कशाला, तीस मीटर आत माणसं बसवा, बटण दाबा की उजेड. इमारती जाड होत गेल्या. १९७३ च्या तेलसंकटात वीज वाचवायची वेळ आली तेव्हा पुष्कळ ठिकाणी उलटा धडा घेतला गेला, खिडकीतून उष्णता जाते-येते ना, मग खिडक्याच लहान करा, नाहीतर काढूनच टाका, आणि तशा जवळजवळ बिनखिडकीच्या शाळासुद्धा बांधल्या गेल्या. त्या वर्गांत मुलं दिवसभर ट्यूबखाली बसायची. मला त्या मुलांचं वाईट वाटतं, खरंच वाटतं.

काचेच्या बाबतीत एक योगायोग मला नेहमी आठवतो. इंग्लंडमध्ये १६९६ पासून घराच्या खिडक्यांवर कर होता, जितक्या खिडक्या जास्त तितका कर जास्त, आणि तो चुकवायला लोकांनी खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या होत्या, अजूनही काही जुन्या घरांवर त्या बुजवलेल्या चौकटी दिसतात. हा कर रद्द झाला १८५१ मध्ये, आणि त्याच वर्षी लंडनच्या हाईड पार्कमध्ये जोसेफ पॅक्स्टनचा क्रिस्टल पॅलेस उघडला, सगळा लोखंड आणि काचेचा, तोवर कोणी पाहिला नव्हता इतका उजेड असलेला. पण त्यातला मला महत्त्वाचा वाटणारा तपशील वेगळाच आहे. पॅक्स्टनने त्या काचेच्या छपरावर बाहेरून कापड ताणलं होतं, ऊन आणि तिरीप कमी व्हावी म्हणून. बाहेरून! एवढ्या सुरुवातीला त्या माणसाला कळलं होतं की काच आणि ऊन यांच्या मधे काहीतरी हवं आणि ते काचेच्या बाहेरच्या बाजूला हवं.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. ऊन काचेतून आत आलं, आतल्या पडद्यावर पडलं की पडदा तापतो, आणि तापलेली वस्तू जी उष्णता सोडते ती लांब लहरींची असते, काच ती परत बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे आतला पडदा डोळ्याला वाचवतो पण उष्णता तोपर्यंत घरात आलेली असते. तेच ऊन बाहेरच्या छज्ज्याने, फळ्यांनी, जाळीने अडवलं तर ते काचेपर्यंत पोचतच नाही. पॅरिसमध्ये १९३३ साली ल कॉर्ब्युझिएने सिते द रेफ्यूज नावाचं निवारागृह बांधलं, दक्षिणेला सगळी बंद काचेची भिंत, आणि उन्हाळ्यात आतली माणसं अक्षरशः उकडून निघाली. पुढे त्या भिंतीवर उघडणाऱ्या खिडक्या आल्या, बाहेरून ऊन तोडणाऱ्या काँक्रीटच्या फळ्या आल्या, आणि नंतरच्या त्याच्या कामात या फळ्या जवळजवळ सगळीकडे दिसतात.

दिशेचं थोडक्यात सांगते. विषुववृत्ताच्या बऱ्याच उत्तरेला दक्षिणेचं ऊन दुपारी वरून येतं, साध्या आडव्या छज्ज्याने अडतं, आणि उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा असतो. दक्षिण गोलार्धात हे उलटं. दोन्हीकडे पूर्व-पश्चिम त्रासदायक, कारण सूर्य खाली असतो आणि छज्जा काही करू शकत नाही, तिथे उभ्या फळ्या किंवा बाहेरून सरकवता येणाऱ्या जाळ्या लागतात. त्यामुळे इमारत पूर्व-पश्चिम लांबट ठेवली की अर्धं काम प्लॅनवरच होऊन जातं, एक पैसा न खर्चता.

काच घेताना लोक रंग बघतात, मी म्हणते दोन आकडे बघा. एक, दिसणाऱ्या उजेडापैकी किती आत येतो, आणि दुसरा, उन्हातली एकूण उष्णता किती आत येते. सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेतली जवळजवळ निम्मी इन्फ्रारेड असते, म्हणजे डोळ्याला तिचा काही उपयोग नाही, ती फक्त तापवते. चांगल्या लो-ई काचेवर इतका पातळ थर असतो की तो दिसत नाही, पण तो ही निम्मी बरीचशी परत फेकतो आणि उजेड येऊ देतो. पहिला आकडा मोठा, दुसरा लहान, अशी काच हवी. साधी गडद रंगाची काच याच्या उलट करते, उजेड अडवते, स्वतः तापते, आणि आत भर दुपारी कातरवेळ झाल्यासारखं वाटून सगळे लाईट लागतात.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे बोलायला पाहिजे, कारण आमच्या क्षेत्रात ती हळू आवाजात बोलली जाते. जुना पिवळा बल्ब एका वॉटला १५ च्या आसपास ल्युमेन उजेड द्यायचा आणि बाकी सगळी उष्णता. दिवसाचा उजेड एका वॉट ऊर्जेमागे साधारण १०० ते १२० ल्युमेन देतो. त्यामुळे बल्बच्या काळात दिवसाचा उजेड आत घेणं म्हणजे वीजही वाचली आणि खोलीही कमी तापली. पण आजचे चांगले एलईडी १२० ते १५० आणि त्याच्याही वर जातात. म्हणजे तेवढ्याच उजेडासाठी उन्हापेक्षा एलईडी खोली कमी तापवतो! यावरून काही जण म्हणतात की मग डेलाईटचं महत्त्व संपलं. मला ते पटत नाही, एलईडीला लागणारी वीज कुठूनतरी आणावी लागते आणि आभाळाला ती लागत नाही. पण यातून एक गोष्ट नक्की निघते, ती म्हणजे जास्तीचा उजेड आता माफ नाही. गरज ५०० ची असताना खिडकीलगत ५,००० आणले तर वरचे ४,५०० कोणाला दिसत नाहीत, ते फक्त एसीला दिसतात. काच किती लावायची हा हिशोब आता पूर्वीपेक्षा जास्त काळजीने करायला लागतो, आणि थोडा, पण खोलवर पोचणारा, मऊ उजेड ही जी जुनी शहाणपणाची गोष्ट होती तीच परत खरी ठरते.

मऊ म्हणजे काय ते बघायचं तर मी दोन इमारतींची नावं घेते. अल्वार आल्टोने विपुरीला, तेव्हाचं फिनलंड आणि आताचं रशियातलं वीबर्ग, १९३५ मध्ये एक लायब्ररी पूर्ण केली. तिच्या वाचनदालनाच्या सपाट छतात ५७ गोल स्कायलाईट आहेत, प्रत्येक एक खोल पांढरा नळा. त्या गावाच्या अक्षांशावर सूर्य वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशीसुद्धा क्षितिजापासून ५२-५३ अंशांच्या वर चढत नाही, आणि नळ्याची खोली याच कोनावरून ठरवलीये, म्हणजे थेट ऊन कधीच टेबलापर्यंत उतरत नाही, ते नळ्याच्या पांढऱ्या भिंतीला आपटतं, पसरतं आणि मग खाली येतं. आणि असे ५७ ठिकाणांहून उजेड येतो म्हटल्यावर पुस्तकावर वाकलेल्या माणसाची स्वतःची सावली अक्षरांवर पडत नाही, कारण एका नळ्याने टाकलेली सावली बाकीचे पुसून टाकतात. एक कोन काढला, एक आकार ठरवला, आणि त्यात यंत्र नाही, मोटर नाही, सेन्सर नाही. मला या कामापुढे हात जोडावेसे वाटतात.

दुसरं म्हणजे लुई कानने टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला केलेलं किंबेल म्युझियम, १९७२ चं. तिथलं ऊन रणरणतं, आणि आत चित्रं, ज्यांना ऊन म्हणजे विष. त्याने काँक्रीटच्या लांबच लांब कमानी केल्या, प्रत्येक कमानीच्या माथ्यावर एक अरुंद फट ठेवली आणि फटीखाली पंखांसारखं वळलेलं, बारीक भोकं पाडलेलं अ‍ॅल्युमिनियम टांगलं. फटीतून उतरलेलं ऊन त्या पत्र्यावर पडतं, परत वर कमानीच्या काँक्रीटवर जातं आणि तिथून सगळीकडे पसरून खाली येतं. राखाडी काँक्रीट चांदीसारखं उजळतं. ऊन आत आलंच नाही असंही नाही आणि चित्रापर्यंत थेट पोचलं असंही नाही, मधे दोन वेळा त्याला वळवलं.

हे प्रयोग घरी टेबलावर करून बघता येतात हे फार कमी लोकांना माहीत आहे. इमारतीची ताकद छोट्या मॉडेलवर तपासता येत नाही, वाराही नीट कळत नाही, पण उजेड कळतो, जसाच्या तसा, कारण उजेडाची लहर इतकी सूक्ष्म आहे की खोली वीसपट लहान केली तरी तिला काही फरक पडत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यात प्रमाणात खिडकी कापायची, आतल्या भिंतींना खऱ्या रंगाइतकाच उजळ किंवा गडद कागद चिकटवायचा, सांधे काळ्या टेपने बंद करायचे कारण तिथून उजेड चोरून शिरतो आणि सगळं फसतं, एका बाजूला मोबाईलच्या कॅमेऱ्यापुरतं भोक ठेवायचं आणि खोकं उघड्यावर नेऊन ठेवायचं. मग खिडकीच्या वरच्या तिसऱ्या हिश्शाखाली पांढऱ्या कागदाची एक आडवी पट्टी बसवून बघा, लाईट शेल्फ म्हणतात तिला, खिडकीलगतची झगमग कमी होते आणि उजेड छतावर जाऊन मागे सरकतो. छताचा कागद काढून खाकी लावला की खोली एकदम मरते. मी आजही कॉम्प्युटरवरचं सिम्युलेशन झालं तरी एखाद्या अवघड जागेचं खोकं करते, कारण घरमालकाला आलेख दाखवून पटत नाही, पण खोक्यात डोकावून बघितल्यावर तो लगेच म्हणतो, छत पांढरंच ठेवूया.

आणि ज्यांच्याकडे ना आर्किटेक्ट ना लो-ई काच, त्यांच्यासाठी ब्राझीलमधल्या उबेराबा गावच्या अल्फ्रेदो मोझेर नावाच्या मेकॅनिकने २००२ मध्ये, वीज सारखी जात होती त्या दिवसांत, जे शोधलं ते मला कुठल्याही म्युझियमइतकंच मोठं वाटतं. दोन लिटरची प्लास्टिकची बाटली, त्यात पाणी, शेवाळ धरू नये म्हणून दोन झाकणं ब्लीच, पत्र्याला भोक पाडून बाटली अर्धी वर अर्धी खाली बसवायची आणि कडा पाणी गळणार नाही अशा बंद करायच्या. नुसतं भोक पाडलं असतं तर खाली जमिनीवर उन्हाचा एक डाग पडला असता आणि बाकी खोली अंधारीच राहिली असती. पाणी त्या उन्हाला वाकवून सगळ्या बाजूंना पसरवतं, आणि ऊन असताना ४० ते ६० वॉटच्या बल्बइतका उजेड खोलीभर मिळतो. पुढे फिलिपिन्समध्ये २०११ पासून ही कल्पना मोठ्या प्रमाणावर पसरली. विचार करा, पत्र्याच्या बिनखिडकीच्या खोलीत दिवसा अभ्यासाला बसणारं मूल आणि डोक्यावर एक बाटली. आल्टोच्या नळ्यात आणि या बाटलीत काम एकच चाललंय.

विजेच्या पलीकडचंही बोलायला हवं, थोडक्यात. आपल्या डोळ्यात बघण्यासाठीच्या पेशींखेरीज आणखी एक प्रकारच्या उजेड ओळखणाऱ्या पेशी आहेत हे २००२ मध्ये समोर आलं, त्या ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर उजेडाला जागतात आणि शरीराच्या आतल्या घड्याळाला सांगतात की दिवस आहे. हे घड्याळ पेशींमध्ये कसं चालतं यावरच्या कामाला २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. दिवसभर मंद उजेडात बसलेल्या माणसाचं शरीर नीट दिवस धरत नाही आणि मग रात्री नीट झोपही. आणि १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या, पित्ताशयाच्या ऑपरेशननंतरच्या, ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. ते संशोधन दृश्याबद्दल होतं, उजेडाबद्दल नव्हे, पण दोन्ही एकाच भोकातून येतात, आणि पडदा ओढला की दोन्ही जातात.

आता शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग, लाईट बंद होण्याचा. उजेड आल्याने वीज वाचत नाही, लाईट विझल्याने वाचते. ब्रिटनमध्ये हंट नावाच्या संशोधकाने १९७० च्या दशकात ऑफिस आणि वर्गांचे ठरावीक वेळाने फोटो घेऊन बघितलं आणि १९७९ मध्ये ते छापलं, लोक खोलीत शिरताना अंधारं वाटलं तर लाईट लावतात आणि मग बाहेर कितीही उजाडलं तरी खोली रिकामी होईपर्यंत तो सहसा बंद करत नाहीत. आजही तेच चालू आहे, तुम्ही-आम्ही सगळे हेच करतो, सकाळी नऊच्या उजेडाने घेतलेला निर्णय दुपारी दोनला लागू असतो. म्हणून सेन्सर आणि डिमर लागतात, बाहेरचा उजेड वाढेल तसा आतला हळूहळू कमी करणारे, झटक्यात बंद होणारे नकोत कारण त्यांनी लोक दचकतात आणि वैतागून सेन्सरवर टेप चिकटवतात, मी स्वतः सोलून काढलीये अशी टेप. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या गोल्डन इथे तेव्हा एनआरईएल नाव असलेल्या ऊर्जा प्रयोगशाळेची २०१० ची ऑफिस इमारत आहे, तिथे इमारतीचे पंख जेमतेम १८ मीटर रुंद ठेवले, खिडकीचे दोन भाग केले, खालचा बाहेर बघायला आणि वरचा फक्त छतावर उजेड फेकायला, आणि लाईट त्या उजेडाला बांधले. रुंदी, खिडकी, वायरिंग, तिन्ही एकाच वेळी एकाच टेबलावर ठरलं, म्हणून ते जमलं. बहुतेक ठिकाणी या तीन गोष्टी तीन वेगळी माणसं तीन वेगळ्या महिन्यांत ठरवतात.

उभ्या असलेल्या इमारतीतही पुष्कळ करता येतं. टेबल खिडकीला काटकोनात फिरवा, तोंड किंवा पाठ खिडकीकडे नको, स्क्रीनवरची झगमग निम्मी तिथेच जाते. छत पांढरं करा आणि पांढरं राहू द्या, चांगलं पांढरं छत आलेल्या उजेडातला ८० टक्क्यांहून जास्त परत देतं. खिडकीच्या वरच्या भागाचा पडदा वेगळा करा, म्हणजे ऊन आलं की खालचा ओढता येतो आणि वरून उजेड येत राहतो. काच पुसा, उंच कपाटं खिडकीच्या भिंतीपासून लांब न्या. आणि नवीन वायरिंग करत असाल तर इलेक्ट्रिशियनला सांगा की लाईटच्या ओळी खिडकीला समांतर पाडायच्या, खिडकीजवळची ओळ एका स्विचवर, मधली दुसऱ्या, मागची तिसऱ्या. तो बहुतेक दारापासून खिडकीकडे जाणाऱ्या ओळी पाडतो कारण वायर कमी लागते, आणि मग मागच्या एका माणसाला उजेड हवा म्हणून खिडकीजवळचे दिवेही दिवसभर जळतात. हे भिंतीला प्लास्टर व्हायच्या आधी सांगा, नंतर कोणी ऐकत नाही.